नाकापासून झऱ्यापर्यंत

आमेयाल, १२ जानेवारी १९८८

फिदेन्सिओ,

आत्याला सांग, तिच्या इथल्या घराच्या परसातली कॉफी आम्ही तोडली, वाळवली आणि थोडी प्यायलोसुद्धा. आता कामाचं.

डोंगरावरचं 'नाक' आठवतं ना? सकाळी ज्यातून धुकं निघतं ते भोक. तू त्यात माझी चप्पल टाकली होतीस आणि पडल्याचा आवाज आला नाही म्हणून आपण दोघं पळालो होतो. मोठ्या गावच्या नगराध्यक्षांनी ठरवलंय की त्यांचा सगळा कचरा आता त्या नाकात टाकायचा. खोल आहे, फुकट आहे, दिसत नाही. ईस्टर झाला की ट्रक सुरू.

निकानोरकाका भांडायला गेले. हल्ली गावचे प्रमुख तेच आहेत. म्हणाले, "नाकात जे जाईल ते आमच्या झऱ्यातून बाहेर येईल."

नगराध्यक्ष म्हणाले, "कशावरून?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"मग सगळ्यांना माहीत असलेलं कागदावर आणा. ईस्टरच्या आधी बैठक आहे, तेव्हा बघू."

गावाला दुसरं पाणी नाही. तुला माहीत आहे, तरी लिहिते.

तुमचं ते मंडळ, जे सुट्टीच्या दिवशी हौसेने चिखलात लोळतं, ते गुहांचे नकाशे काढतं ना? मग या. नाकातून निघा, झऱ्यापर्यंत पोचा, कागदावर आणा.

तुझी मामेबहीण, आणि पाणी समितीची चिटणीस (पगार नाही, शिव्या आहेत),
ओतिलिया


पुएब्ला, २० जानेवारी

प्रिय ओतिलिया,

तुझं पत्र मंडळात वाचून दाखवलं. चपलेच्या जागी सगळे हसले. मला हसू आलं नाही.

करू या. मला स्वतःला सध्या येता येणार नाही, कामाचा डोंगर आहे. चेलो येईल. दोरावरून उतरण्यात तिच्यासारखं मंडळात कुणी नाही, ओरडण्यातही नाही. ती तुम्हाला मोजायला शिकवील. पुढचं तुम्ही करा आणि आकडे बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवा. नकाशा मी इथे टेबलावर काढतो.

आठ स्वयंसेवक निवड. चार-चारच्या दोन तुकड्या. एक नाकाकडून खाली येईल, एक झऱ्याकडून वर जाईल. तुकडीत एकाने मोजणीची फीत धरायची, एकाने होकायंत्र वाचायचं, एकाने लिहायचं. चौथ्याने उजेड धरायचा आणि बाकीच्यांना घाई करू द्यायची नाही. हे शेवटचं काम सगळ्यात अवघड.

वाट एकच. पुढचा जिथे पाय ठेवील तिथेच मागच्याने ठेवायचा. छतावरून लोंबणाऱ्या दगडी काड्यांना हात लावायचा नाही, त्यांना वाढायला आपल्या आज्यांच्या आज्या लागल्या आहेत. वटवाघळं झोपतात तो भाग सोडून द्यायचा. मशाली नकोत, धूर बसतो. दिव्यातला जळलेला कार्बाइडसुद्धा पिशवीत भरून बाहेर आणायचा. आत कोण गेलंय हे बाहेर एकाला तरी माहीत असलंच पाहिजे. आणि होकायंत्राजवळ लोखंडी वस्तू नको. बक्कल, चाव्या, घड्याळ, सगळं बाहेर. सुईला लोखंड दिसलं की ती उत्तरेला विसरते.

फिदेन्सिओ


आमेयाल, ९ फेब्रुवारी

फिदेन्सिओ,

सभेत तुझं पत्र वाचलं. 'स्वयंसेवक' या शब्दापाशी अडलो.

"म्हणजे कोण?"

"जो स्वतःहून येतो तो."

निकानोरकाका म्हणाले, "स्वतःहून कोण येतं? ज्याला घरात कुणी विचारत नाही तो. असला माणूस मी डोंगराच्या पोटात पाठवणार नाही."

मग ठरलं की हे गावकाम. रस्ता, शाळा, देवळाचं छप्पर, तसंच हे. घरटी एक माणूस. मी म्हटलं, आठच हवेत. तोमासा आजी म्हणाली, "आठच घरांना तहान लागते का?"

रविवारी सगळं गाव आलं. बँडसुद्धा आला. देवळाच्या छपराला आला होता, मग याला का नाही? चेलो बसमधून उतरली आणि म्हणाली, "जत्रा आहे का आज?"

मी म्हटलं, "नाही. हे तुमचे आठ स्वयंसेवक."

ती ओरडली. तू सांगितलं होतंस त्यापेक्षा मोठा आवाज आहे. बँड गप्प झाला. मग तिने सगळ्यांना 'काना'पाशी बसवलं. नाकाशेजारचं ते तिरकं भोक, ज्यातून चालत नाकाच्या तळाशी जाता येतं, ते आता कान झालंय. चारच्या तुकड्या पडल्या. एक आत, एक तयार, बाकीचे बाहेर. बाहेरच्यांपैकी कुणी वाट नीट करायची, कुणी मक्याच्या पिठाचे तामाले शिजवायचे. आत जाणारा टोपलीत आपला खडा टाकतो, बाहेर आला की उचलतो. टोपलीवर तोमासा आजी बसली आहे. खडा न उचलता जेवायला गेलेल्या एकाला तिने कान धरून परत आणला.

आजीने टर्की आणली होती, डोंगराच्या धन्यासाठी. चेलो म्हणाली, "आत काहीही सोडायचं नाही."

आजी म्हणाली, "घरात शिरताना तू हात हलवत शिरतेस का गं?"

दोघी आपापल्या म्हणण्यावर अडल्या. शेवटी तोंडाशी उभं राहून धन्याला टर्की दाखवली, परवानगी मागितली आणि टर्कीचं मोले, तिखट कालवण, शिजवलं. वास डोंगराला, मोले आम्हाला. चेलोने दोनदा घेतलं.

लोखंडाचा नियम आम्ही कडक पाळला. अर्धं गाव पट्ट्याऐवजी सुंभ बांधून हिंडत होतं. सेफेरिनोने तर पोलादी दात काढून बायकोकडे ठेवायला दिला. तिने तो दिवसभर दिला नाही, फार शांत वाटलं म्हणाली.

पहिला दिवस चेलोने मोजलं, सगळ्यांना दहा पावलं मागे ठेवून. दुसऱ्या रविवारी ती नव्हती, होकायंत्र मी वाचलं. हात हलू नये म्हणून मी एक युक्ती काढली. झऱ्याकडच्या तुकडीनेही ती उचलली. भेटलास की दाखवीन.

दोन्ही तुकड्या पाण्याच्या डबक्यापाशी थांबल्या. छत पाण्याला टेकायला आलं, पुढे जाता येईना. आकडे सोबत आहेत.

नाकाच्या तळाशी चेलोला माझी चप्पल सापडली. प्लास्टिकची आहे. पट्टा शाबूत.

ओतिलिया


पुएब्ला, १७ फेब्रुवारी

प्रिय ओतिलिया,

सगळं गाव! मंडळात मी हे वाचलं तेव्हा आमचे अध्यक्ष खुर्चीवर उभे राहिले. आमच्याकडे रविवारी चार माणसं जमली तर फोटो काढतात.

पण बातमी चांगली नाही. नकाशा काढला, पुसला, पुन्हा काढला. चेलोचा भाग नाकाखालून नीट झऱ्याच्या दिशेने जातो. त्यानंतर गुहेचं मन बदलतं. ती वळते, वळतच राहते, डुकराच्या शेपटीसारखी, आणि शेजारच्या सान पास्कुआल गावच्या देवळाखाली जाऊन थांबते. झऱ्याकडून निघालेली तुकडी भलतीकडेच, मक्याच्या शेतांखाली गेली आहे. दोन टोकं एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत.

म्हणजे नाकातलं पाणी तुमच्याकडे येत नाही. ते सान पास्कुआलला जातं. मला फार वाईट वाटतं, पण सुई खोटं बोलत नाही.

कच्चा नकाशा पाठवतोय. अजून कुणाला दाखवू नकोस.

फिदेन्सिओ


आमेयाल, २९ फेब्रुवारी

फिदेन्सिओ,

दाखवला.

आधी मी रडले. मग निकानोरकाकांना दाखवला, ते बसले. मग काय झालं ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी सान पास्कुआलचे प्रमुख क्रिसोफोरो आमच्या चौकात उभे. स्वतः! आपल्या संत सांतियागोच्या नाचाला ते "लाकडी तलवारींची पोरं" म्हणून हसले होते, तेव्हापासून त्या गावाने आपल्या वाटेवर पाऊल ठेवलं नव्हतं.

म्हणाले, "ते पाणी आमचं आहे असं ऐकतो."

"नकाशा तसं म्हणतो," काका म्हणाले.

"मग कचरा आमच्या पाण्यात पडणार."

"दिसतंय तसं."

"मग तुम्ही एकटे आत काय करताय?"

आणि मागचे दोन्ही रविवार ते आले, फिदेन्सिओ. घरटी एक. त्यांचा बँड, आपला बँड. दोघांना एकच गाणं येतं, पण सुरुवात वेगवेगळी करतात. आम्ही डबक्याच्या अलीकडचे सगळे फाटे मोजले. तोमासा आजीला दुसरी टोपली लागली. दोन गावांनी मिळून नगराध्यक्षांना पत्र लिहिलं. एका गावाला ते दारात उभं करतात, दोन गावांना खुर्ची देतात.

सोबत फोटो आहे. मोठ्या गावातून फोटोवाला आणला होता. मध्ये होकायंत्र वाचतेय ती मी. मोजणी कशी करतो ते दाखवत होते, म्हणून हसत नाहीये.

तू कधी येणार? कामाचा डोंगर अजून उतरला नाही का?

ओतिलिया


पुएब्ला, ४ मार्च

ओतिलिया,

फोटो भिंगाखाली धरून पाहिला. मग आईला बोलावून तिला पाहायला लावला, मला वेड लागलं नाही ना याची खात्री करायला.

तू चिखलात कोयता रोवला आहेस. मामाचा तो लांब कोयता. त्याच्या मुठीवर होकायंत्र टेकवून तू वाचते आहेस. ही तुझी युक्ती. मागे सगळं गाव सुंभ बांधून उभं आहे, आणि प्रत्येकाच्या कमरेला कोयता आहे.

लोखंडी वस्तू बाहेर ठेवा असं मी लिहिलं होतं!

सुई उत्तरेकडे नाही, मामाच्या कोयत्याकडे बघत होती. गुहा कुठेच वळत नाही. चेलोनंतरचा सगळा नकाशा चुकीचा आहे. पुन्हा मोजा, लोखंडाशिवाय. आणि सान पास्कुआलला सांगा.

फिदेन्सिओ


आमेयाल, ८ मार्च

फिदेन्सिओ,

तू लोखंडी वस्तू लिहिलंस. कोयता वस्तू आहे हे इथे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. कोयता म्हणजे हात. तुझं पत्र वाचून मी कमरेकडे पाहिलं तेव्हा मला तो पहिल्यांदा दिसला. मग इतकं हसू आलं की खाली बसावं लागलं.

निकानोरकाका हसले नाहीत. "कोयत्याशिवाय गावकामाला? मग विजारीशिवायच जातो की!" सगळ्यांचं तेच. उघड्या कमरेने गावकामाला जाणं म्हणजे पाहुणा होऊन जाणं. कुणी तयार नाही.

ते एक. दुसरं सान पास्कुआलचं. सांगितलं तर ते जातील, बैठकीत आम्ही पुन्हा दारात. तुझ्या चुकीच्या नकाशाने दोन गावं एका पातेल्यातून जेवली. खरा नकाशा काय करणार आहे? नाहीतर असं कर, पाणी दोन्हीकडे जातं असं काढ. एक रेघ इकडे, एक तिकडे. कोण आत जाऊन बघणार आहे?

तिसरं. आत्या शनिवारी काकूच्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेला आली होती. तिने मला कामाच्या डोंगराबद्दल सांगितलं. प्लास्टरमध्ये आहे म्हणे तो, गुडघ्यापर्यंत. एवढ्या गुहा उतरलेला माणूस न्हाणीघरात साबणावरून पडला!

चेलोला माहीत आहे का?

ओतिलिया


पुएब्ला, ११ मार्च

ओतिलिया,

चेलोला माहीत नव्हतं. आता आहे. तिने प्लास्टरवर साबणाचं चित्र काढलं आहे, वर उत्तर दिशेचा बाण.

दुसरी रेघ मी काढणार नाही. रागावू नकोस, ऐक. नगराध्यक्षांकडे एक अभियंता असेल आणि त्याच्याकडे एक होकायंत्र. एवढंच पुरे आहे. तो कानातून शिरेल, तुझी ती दुसरी रेघ त्याला खोटी दिसेल, आणि मग चेलोचा खरा भागही कुणी मानणार नाही. नाक त्यांचं, झरा गेला.

आणि एक बघ. चेलोची रेघ आहे तशी पुढे ओढली आणि फीत मोजते तेवढी लांबी धरली, तर दोन्ही डबकी जवळजवळ एकाच जागी येतात. मध्ये एका खोलीइतकं अंतर असेल, कदाचित तेवढंही नाही. मार्च आहे. पाणी उतरलेलं असेल.

कोयत्याचं काय करायचं ते मला सुचत नाही.

फिदेन्सिओ


आमेयाल, २१ मार्च

फिदेन्सिओ!

तोमासा आजीला सुचलं. म्हणाली, "कमर रिकामी नको ना? मग नाचातल्या तलवारी काढा."

सांतियागोच्या लाकडी तलवारी! देवळाच्या माळ्यावरून सगळ्या खाली आल्या, लाल, निळ्या, चांदीचा रंग उडालेल्या. पुरल्या नाहीत तेव्हा सुतार दिवसभर नव्या कापत होता. दोन रविवार आमेयाल गाव लाकडी तलवारी लटकवून डोंगरात शिरलं. निकानोरकाकांनी तर नाचातला पिसांचा टोपही घातला होता. चेलोने तो काढायला लावला, छताला लागतो म्हणून.

सान पास्कुआलला मी दोन्ही रविवारी खरं सांगितलं नाही. लोखंडाचा नियम कडक झालाय, एवढंच बोलले. त्यांचीही माणसं तलवारी लावून उभी होती, आणि क्रिसोफोरोंच्या वाट्याला सगळ्यात लहान, गुलाबी तलवार आली होती. ते माझ्याकडे बघत होते. मी फीत उलगडायला घेतली.

आता ऐक. काल चेलो नाकाकडच्या डबक्यापाशी, मी झऱ्याकडच्या. मी होकायंत्र हातात धरून वाचलं. सुई डोलत होती, म्हणून तीनदा वाचलं. बाहेर कानापाशी दोन्ही बँड वाजवत होते, कारण त्यांना गप्प बसवणारी चेलो आत होती. आणि मला, झऱ्याच्या बाजूला, डोंगराच्या पलीकडून, पाण्यातून ते गाणं ऐकू आलं. दोन वेगवेगळ्या सुरुवाती! मी ओरडले. पलीकडून शिवी आली. इतकी गोड शिवी मी ऐकलेली नाही.

पाणी हनुवटीपर्यंत होतं. वर छत, मध्ये नाकापुरती हवा. आधी पिवळी फीत तरंगत आली, मग चेलोचा दिवा, मग चेलो. मी फीत धरली. नाक आणि झरा एक झाले. आम्ही दोघी चिखलात इतक्या नाचलो की चौथ्या माणसाला, उजेड धरणाऱ्या सेफेरिनोला, ओरडावं लागलं, "वाट एकच! वाट एकच!"

आकडे सोबत. आज संध्याकाळी सान पास्कुआलच्या सभेत जातेय, दोन्ही नकाशे घेऊन. एक तुझा जुना, एक चेलोने रात्री माझ्या स्वयंपाकघरात काढलेला. तू बरोबर होतास, म्हणून तुझा राग येतोय.

ओतिलिया


आमेयाल, २८ मार्च

फिदेन्सिओ,

सांगते, क्रमाने.

सान पास्कुआलच्या सभेत मी दोन्ही नकाशे भिंतीला लावले. कोयत्याची गोष्ट सांगितली. कुणी हसलं नाही. शेवटी क्रिसोफोरो उठले.

"म्हणजे नाकातलं पाणी आमच्याकडे येत नाही."

"नाही."

"मग आमचं पाणी कुठून येतं?"

"माहीत नाही. कुणी मोजलेलं नाही."

"आणि आम्ही चार रविवार तुमच्या चिखलात रांगलो. गुलाबी तलवार लावून."

"हो."

"म्हणजे सावड आहे आमची तुमच्यावर, कामाला काम. घरटी चार दिवस."

मी म्हटलं, "आहे."

मागून कुणीतरी म्हणालं, "चला मग, घरी जाऊ. त्यांचं ते बघतील."

क्रिसोफोरो त्याच्याकडे वळले. "घरी जाऊ? यांच्या झऱ्यात कचरा उतरला की हे सगळं गाव दिवसभर नदीवरून घागरी वाहील. मग आमची सावड कोण फेडणार? तू?"

शुक्रवारी दोन्ही गावं बैठकीला गेली. खुर्च्या मिळाल्या. अभियंता होता आणि त्याच्याकडे होकायंत्रही होतं. नकाशा घेऊन तो आदल्या दिवशी चेलोबरोबर आत जाऊन आला होता. म्हणाला, बरोबर आहे. कोपरापर्यंत चिखल होता, तोही धुतला नव्हता. नगराध्यक्ष म्हणाले, "पण इतक्या खोल गेलेलं काही वर येत नाही हो." निकानोरकाकांनी पिशवीतून माझी चप्पल काढली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. "ही कितीतरी वर्षं खाली होती. पट्टा बघा."

नाकाला कुंपण घालायचं ठरलं. कचऱ्याचं ते दुसरं काही बघणार आहेत.

आता तुझं. ईस्टरनंतरच्या रविवारपासून सान पास्कुआलच्या डोंगरात सावड फेडायची आहे. त्यांचं पाणी कुठून येतं ते शोधायचं. सभेत घरं मोजताना तोमासा आजीने आत्याच्या, म्हणजे तुमच्या घराचं नाव घेतलं. घर आहे, कॉफीची झाडं आहेत, झऱ्याचं पाणी झाडांना जातं. माणूस एकदाही आलेला नाही. तुझी तलवार काढून ठेवली आहे. तुझा पाय लंगडा आहे म्हणून सुताराने थोडी लांब केली, काठी म्हणूनही चालेल.

ओतिलिया


पुएब्ला, ५ एप्रिल

ओतिलिया,

प्लास्टर काल निघालं. शनिवारी पहिल्या बसने येतोय, चेलो बरोबर आहे. बक्कल, चाव्या, घड्याळ घरी ठेवून निघतो.

गावाच्या वहीत लिहा की मी स्वयंसेवक म्हणून, स्वतःहून आलो.

फिदेन्सिओ


आमेयाल, ७ एप्रिल

फिदेन्सिओ,

विचारलं. निकानोरकाका नाही म्हणाले. घरटी एक, असंच लिहिलंय.

येताना साबण आणू नकोस.

ओतिलिया